रॉक आणि मेटल अल्बम ऐकून स्वतःचे मत कसे बनवावे

रॉक आणि मेटल नव्याने ऐकू लागलेल्या माणसापुढे सर्वांत आधी याद्या येतात: सर्वश्रेष्ठ शंभर अल्बम, मरण्यापूर्वी ऐकलेच पाहिजेत असे पन्नास अल्बम, आणि अशाच आणखी काही. या याद्या वाईट नसतात. परंतु त्या वाचून तयार होणारे मत यादी करणाऱ्याचे असते, ऐकणाऱ्याचे नव्हे. एखादा अल्बम निवडण्यापासून त्याविषयी पाचसहा ओळी ठामपणे लिहिता येईपर्यंत काय करावे, ते या लेखात क्रमाने सांगितले आहे. उदाहरणे बहुतांशी ब्रिटन आणि अमेरिकेतील आहेत, कारण या संगीताची मूळ घडण तेथेच झाली. मते माझी आहेत आणि त्यांवर वाद घालता यावा म्हणून प्रत्येकाचे कारण दिले आहे.

ऐकण्यापूर्वीची तयारी

मोबाइलच्या स्पीकरवर मेटल ऐकू नये. त्या स्पीकरमधून बास गिटार आणि पायाने वाजवल्या जाणाऱ्या बास ड्रमचा ठोका जवळजवळ नाहीसा होतो, आणि उरलेली गिटार कर्कश वाटू लागते. ‘हा नुसता गोंगाट आहे’ अशी अनेकांची तक्रार प्रत्यक्षात त्या स्पीकरविषयी असते. साधे वायरचे हेडफोन पुरेसे आहेत, महागड्या उपकरणांची गरज नाही. अ‍ॅपमधील इक्वलायझर (आवाजातील जाड-बारीक पट्ट्यांचे प्रमाण बदलण्याची सोय) बंद ठेवावा, शफल बंद करावे आणि दोन गाणी एकमेकांत विरघळवणारी क्रॉसफेडची सोयही बंद करावी. अल्बमचा क्रम कोणीतरी विचार करून लावलेला असतो. पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’मध्ये एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभात मिसळलेला आहे, तो अल्बम शफलवर ऐकणाऱ्याने तो ऐकलेलाच नाही, असे मी खुशाल समजतो. आवाज फार मोठा ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज प्रौढ माणसाने आठवड्यात ४० तासांपर्यंतच ऐकावा, आणि आवाज वाढत गेला की ही मर्यादा फार वेगाने खाली येते.

यानंतर पाहायची गोष्ट म्हणजे आवृत्ती, आणि तिच्याकडे जुने श्रोतेही दुर्लक्ष करतात. गायक ऑझी ऑसबर्न यांचे पहिले दोन एकल अल्बम २००२ मध्ये पुन्हा प्रसिद्ध झाले, तेव्हा मूळ बासवादक आणि ड्रमवादक यांचे वादन काढून तेथे दुसऱ्या वादकांकडून नव्याने वाजवून घेतलेले भाग बसवण्यात आले. २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आणले गेले. मेगाडेथ या बँडचा १९९० सालचा ‘रस्ट इन पीस’ २००४ मध्ये नव्याने मिक्स झाला आणि त्यातील गायनाचे काही भागही बदलले. दोन मित्र एकाच अल्बमविषयी भांडत असतात आणि प्रत्यक्षात दोघांनी वेगवेगळी ध्वनिमुद्रणे ऐकलेली असतात, असे म्हणूनच होऊ शकते. अल्बमच्या नावापुढील वर्ष आणि ‘रीमास्टर’ किंवा ‘रीमिक्स’ असा उल्लेख पाहून तो वहीत टिपून ठेवावा. रीमास्टरमध्ये सहसा आवाजाची पातळी आणि पोत बदलतो, तर रीमिक्समध्ये वाद्यांचे आपसातील प्रमाणच बदललेले असते.

पहिला अल्बम कोणता घ्यावा

सर्वांत वेगवान किंवा सर्वांत भीषण अल्बमपासून सुरुवात करणे ही हौस म्हणून ठीक आहे, पण त्यातून कान तयार होत नाही. माझी शिफारस ब्लॅक सॅबथच्या १९७० सालच्या ‘पॅरानॉइड’ची आहे. याच बँडचा पहिला अल्बम त्याच वर्षी फेब्रुवारीत आला होता आणि तो मुख्यतः एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला होता. पाऊस, घंटा आणि त्यानंतर येणारा तो सावकाश, जड रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) यांमुळे त्याचा आरंभ ऐतिहासिक ठरला आहे, हे मान्यच आहे. तरीही त्याच्या उत्तरार्धात गिटारची लांबण इतकी आहे की नवखा श्रोता तेथे हमखास कंटाळतो. ‘पॅरानॉइड’मध्ये मात्र प्रत्येक गाण्याला ओळखता येईल असा रिफ आहे, गती बदलत राहते आणि गायन समजण्याजोगे आहे.

ज्यांना हिंदुस्थानी संगीताची थोडीफार ओळख आहे, त्यांच्यासाठी येथे एक सोपी वाट आहे. सॅबथच्या पहिल्या अल्बममधील त्या पहिल्याच रिफमध्ये तीन स्वर आहेत: षड्ज, तार षड्ज आणि तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातील ताण मेटलने पुढे शेकडो वेळा वापरला, आणि त्याच्या जोडीला कोमल रिषभही. पेटीवर हे स्वर एकदा वाजवून पाहावेत आणि मग रिफ ऐकावा. जो भाग अंधुक, अनिष्ट असा भासत होता, तो नेमक्या कोणत्या स्वरामुळे तसा भासतो हे लगेच कळते. यावरून मेटल आणि राग यांचे काही गूढ नाते आहे असा निष्कर्ष मात्र काढू नये. रागाला चलन असते, वादी-संवादी असतात; रिफ हा चार-दोन स्वरांचा, ठोक्यावर आवर्तन घेणारा तुकडा आहे.

त्या जड आवाजाचे कारणही जाणून घेण्यासारखे आहे. बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात काम करताना गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात तुटली. ते डावखुरे असल्यामुळे तारा दाबण्याचा त्यांचा हात नेमका तोच होता. त्यांनी वितळवलेल्या प्लास्टिकची टोपणे बनवून बोटांवर चढवली, पातळ तारा वापरल्या, आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’पर्यंत येताना काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वरांनी खाली उतरवली, जेणेकरून तारा सैल होऊन दाबायला सोप्या जाव्यात. सैल तारेचा तो खोल, गढूळ आवाज पुढे एका संपूर्ण शैलीचा पाया झाला. माझ्या मते ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’ हा ‘पॅरानॉइड’पेक्षाही श्रेष्ठ अल्बम आहे, परंतु त्याचे श्रेष्ठत्व आधीचा अल्बम कानात मुरल्यानंतरच ध्यानात येते. म्हणून क्रम बदलू नये.

एकच अल्बम निरनिराळ्या तऱ्हेने ऐकणे

पहिल्यांदा अल्बम सलग ऐकावा आणि त्या वेळी दुसरे काहीही करू नये. शब्द वाचू नयेत, बँडचा इतिहास शोधू नये. संपल्यावर कोणते दोन क्षण आठवतात, तेवढेच लिहावे. काहीच आठवले नाही, तर तेही लिहावे.

दुसऱ्यांदा गिटारकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त ड्रम आणि बास ऐकावा. हे सुरुवातीला अवघड जाते, कारण डिस्टॉर्शन (मुद्दाम खरखरीत केलेला आवाज) असलेली गिटार सगळी जागा व्यापून टाकते. परंतु मेटलविषयी बोलता येणे आणि न येणे यांतील फरक मला येथेच दिसतो. सरावासाठी लेड झेपेलिनचा १९७१ सालचा चौथा अल्बम घ्यावा, ज्याच्या मुखपृष्ठावर बँडचे नावही नाही आणि अल्बमचेही नाही. त्याच्या शेवटच्या गाण्यासाठी जॉन बोनम यांचे ड्रम एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालील दालनात मांडले होते आणि मायक्रोफोन वरच्या मजल्यांच्या बाजूने टांगले होते. त्यामुळे प्रत्येक ठोक्यामागे ती दगडी जागा ऐकू येते. ड्रमचा आवाज हा वादकाइतकाच खोलीचाही असतो, हे एकदा कानाला समजले की आजच्या अनेक अल्बममधील, संगणकावर घासूनपुसून एकसारखे केलेले ठोके आपोआप वेगळे ओळखू येतात.

पुढच्या फेरीत मात्रा मोजाव्यात. ‘द डार्क साइड ऑफ द मून’मधील ‘मनी’ या गाण्याचा मुख्य रिफ सात मात्रांचा आहे. रूपक तालाची सवय असलेल्याला तो चटकन पकडता येईल, जरी त्याचे खंड वेगळे पडतात. गिटारचा सोलो सुरू होताच गाणे चारच्या हिशेबात येते आणि ऐकणाऱ्याला एकदम सुटल्यासारखे वाटते. असे बदल कोठे होतात, ते मिनिट-सेकंदासह टिपावेत. शब्द वाचण्याची वेळ त्यानंतरची आहे.

गुरगुरणाऱ्या आवाजाचे काय करावे

नवख्या श्रोत्यांपैकी बहुसंख्य लोक येथे अडतात, आणि ‘हळूहळू सवय होईल’ एवढ्या सांगण्याने त्यांचे समाधान होत नाही. ग्राउल, म्हणजे हे गुरगुरणे, चुकीचे गाणे नव्हे. तो आवाज स्वर लावण्यासाठी नसून पोत आणि आघात देण्यासाठी असतो, म्हणून त्याच्यात चाल शोधणे थांबवून तो तालवाद्यासारखा ऐकावा. चाल बहुतेक वेळा गिटारकडे सोपवलेली असते. पायरीपायरीने जायचे असेल, तर आधी स्वच्छ परंतु ताकदीचे गायन ऐकावे. आयर्न मेडनच्या १९८२ सालच्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’मध्ये ब्रूस डिकिन्सन प्रथमच या बँडसाठी गायले, त्यांचा आवाज वरच्या पट्टीत तासन्‌तास टिकतो. तो अल्बम मात्र मला सलग चांगला वाटत नाही: ‘गँगलँड’सारखे फिके गाणे त्यात आहे. १९८४ चा ‘पॉवरस्लेव्ह’ अधिक भरीव आहे, आणि इंग्रज कवी कोलरिज यांच्या दीर्घकवितेवर बेतलेले त्याचे तेरा मिनिटांहून लांब शेवटचे गाणे कोठेही ढिले पडत नाही. (आवाजांचे थरावर थर कसे रचतात हे पाहायचे असेल, तर थोडे आडवळण घेऊन क्वीनचा १९७५ सालचा ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ ऐकावा. क्वीनचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि त्यांचा पहिला बँड ‘द हेक्टिक्स’ही तेथलाच.)

त्यानंतर ओपेथ या स्वीडिश बँडचा २००१ सालचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’. त्यात एकच गायक, मिकाएल ऑकरफेल्ट, कधी गुरगुरतो आणि कधी अगदी मृदू गातो, आणि दोन्ही आवाज एकाच गाण्यात शेजारी येतात. कोणता आवाज कोठे आणि का वापरला आहे, हा प्रश्न विचारता येऊ लागला की ग्राउलची भीती गेली असे समजावे. तरीही तो आवडला नाही, तर नाही. मेटलचा अर्धा भाग ग्राउलशिवाय आहे.

शेजारचे अल्बम: मेटालिकाचे उदाहरण

एकट्या अल्बमवरचे मत नेहमी लंगडे राहते. त्या बँडचा आधीचा आणि नंतरचा अल्बम ऐकल्याशिवाय मत पक्के करू नये, आणि यासाठी मेटालिकाच्या कामाइतका चांगला धडा दुसरा नाही.

‘राइड द लाइटनिंग’ (१९८४), ‘मास्टर ऑफ पपेट्स’ (१९८६) आणि ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ (१९८८) हे तीन अल्बम ओळीने ऐकले की लक्षात येते की तिघांचा साचा एकच आहे: पहिले गाणे वेगवान आणि त्याच्या आरंभी शांत प्रास्ताविक, दुसरे गाणे अल्बमच्याच नावाचे, चौथे संथ सुरू होऊन शेवटाकडे पेटणारे, आणि उत्तरार्धात एक शब्दविरहित रचना. साचा तोच असल्यामुळे फरक फार स्पष्टपणे दिसतात. पहिला अल्बम साधारण ४७ मिनिटांचा, दुसरा जवळपास ५५ चा आणि तिसरा ६५ मिनिटांचा आहे. म्हणजे दर वेळी तीच इमारत अधिकाधिक ताणली गेली आहे.

जाणकारांचा कौल बहुधा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ला मिळतो. त्याच्यात वाया गेलेले गाणे नाही, हे मीही मान्य करतो. तरीही माझी पसंती ‘राइड द लाइटनिंग’ला आहे, कारण एका वर्षापूर्वी केवळ वेगावर भर देणारा बँड येथे प्रथमच थांबायला, वाट पाहायला आणि स्वरमेळ रचायला शिकताना ऐकू येतो, आणि ते शिकणे ध्वनिमुद्रणात जिवंत आहे, दोन वर्षांनंतर तेच कौशल्य हुकमी झालेले दिसते. ‘एस्केप’ हे गाणे कच्चे आहे, ते मला या निवडीपासून परावृत्त करत नाही.

‘जस्टिस’विषयी मत बनवताना ध्वनिमिश्रण बाजूला ठेवता येत नाही. बासवादक क्लिफ बर्टन यांचा सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनमधील बस अपघातात मृत्यू झाला. त्यांच्या जागी जेसन न्यूस्टेड आले, आणि या अल्बममध्ये त्यांचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. ड्रम कोरडे, टकटक वाजणारे, गिटार पातळ. काही श्रोत्यांना हा रूक्षपणा अल्बमच्या न्याय-अन्यायाच्या विषयाला साजेसा वाटतो. मला ते समर्थन उसने वाटते: रचना इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्यांना तळाचा आधार हवाच होता. १९९१ च्या काळ्या मुखपृष्ठाच्या अल्बममध्ये निर्माते बॉब रॉक यांनी बास परत आणला, गाणी आखूड केली आणि रिफ मोकळे केले. आवाज उत्कृष्ट आहे, परंतु बारा गाणी म्हणजे तीन-चार अधिकच झाली.

याच बँडचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ आणखी एका गोष्टीसाठी ऐकावा. सीडीवर आवाजाची पातळी इतकी वर नेली होती की मोठ्या ठोक्यांवर ध्वनी फाटतो, आणि ‘गिटार हीरो’ या खेळातील तीच गाणी अधिक मोकळी वाटतात असे श्रोत्यांच्या ध्यानात आले. हळू आणि मोठ्या आवाजातील अंतर संपले की जड संगीत जड वाटेनासे होते. दहा मिनिटांत कान थकत असेल, तर दोष पुष्कळदा मास्टरिंगचा, म्हणजे आवाजाची पातळी आणि पोत ठरवण्याच्या शेवटच्या कामाचा असतो. मत लिहिताना रचना आणि ध्वनिमुद्रण यांचे निकाल वेगळे लिहावेत, ही सवय मला या अल्बमने लावली.

मत कागदावर उतरवणे

दहापैकी गुण देऊ नयेत. गुण दिले की कारण देण्याची गरज वाटेनाशी होते. त्याऐवजी या प्रश्नांची उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहावीत: अल्बमला काय साधायचे होते असे दिसते, ते कोणत्या गाण्यात साधले, कोठे साधले नाही, आणि एक गाणे काढायचे झाल्यास कोणते काढावे. शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे, कारण तो टाळाटाळ करू देत नाही. ‘दमदार’, ‘भन्नाट’, ‘ओव्हररेटेड’ ही विशेषणे पहिल्या खर्ड्यात येऊ द्यावीत आणि दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येकाच्या जागी कारण लिहावे.

नमुना म्हणून स्लेयर या बँडच्या १९८६ सालच्या ‘रेन इन ब्लड’वरचे माझे टिपण देतो: ‘दहा गाणी, अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ. निर्माते रिक रुबिन यांनी गिटार आणि ड्रम यांवरील घुमारा काढून टाकल्यामुळे एवढ्या वेगातही प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. पहिले आणि शेवटचे गाणे असामान्य. मधली काही गाणी एकमेकांपासून वेगळी ओळखता येत नाहीत, परंतु अल्बम इतका लहान आहे की ते खुपत नाही. हाच अल्बम पन्नास मिनिटांचा असता, तर मी तो अर्ध्यावर सोडला असता.’ यात कोठेही ‘महान’ हा शब्द नाही, आणि तरी मी तो अल्बम पुन्हा ऐकणार की नाही हे वाचणाऱ्याला कळते.

शब्दांचा आणि माणसांचा हिशेब

‘रेन इन ब्लड’च्या पहिल्या गाण्यात ऑशवित्झच्या छळछावणीतील डॉक्टर योझेफ मेंगेले याच्या कृत्यांचे वर्णन आहे, आणि त्यामुळे अल्बमचे वितरण करण्यास एका मोठ्या कंपनीने नकार दिला होता. असे शब्द वाचल्यावर श्रोत्याने स्वतःची भूमिका ठरवावी. वर्णन म्हणजे समर्थन नव्हे, पण वर्णनात चव घेतली जात आहे का, हे तपासायचा अधिकार प्रत्येकाला आहे. नॉर्वेच्या ब्लॅक मेटलमध्ये (मेटलच्या एका उपशैलीत) प्रश्न अधिक कठीण होतो. मेहेम या बँडच्या १९९४ च्या अल्बममध्ये गिटार वाजवणारे युरोनिमस यांचा १९९३ मध्ये खून झाला, आणि त्या खुनासाठी शिक्षा झालेल्या वार्ग विकर्नेसचा बास त्याच अल्बमवर आहे. संगीत म्हणून तो अल्बम महत्त्वाचा आहे, असे मी लिहितो, आणि त्याच टिपणात ही माहितीही लिहितो. एकामुळे दुसरे पुसले जात नाही.

प्रत्यक्ष कार्यक्रम आणि आपल्याकडचे बँड

ध्वनिमुद्रणावरचे मत प्रत्यक्ष कार्यक्रमात तपासून पाहावे. आयर्न मेडनने मार्च २००७ मध्ये बंगळूरला आणि १ फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात वादन केले. मेटालिका ऑक्टोबर २०११ मध्ये बंगळूरला वाजवून गेला. मात्र मोठ्या नावांची वाट पाहत बसण्यापेक्षा छोट्या सभागृहांतील कार्यक्रमांना जावे, आणि कानात फोमचे इअरप्लग घालूनच जावे. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनचा २०१७ चा ‘दशावतार’ नवख्यांनी अवश्य ऐकावा: दहा अवतारांवर बेतलेली गाणी, ग्राउल आणि स्वच्छ गायन दोन्ही. विषय ओळखीचा असल्यामुळे लक्ष पूर्णपणे वादनाकडे देता येते. भयानक मौत आणि स्क्राइब हे मुंबईचेच बँड, पहिला अधिक हिंस्र आणि दुसरा विनोदाची जाण असलेला. आपल्या शहराचे म्हणून त्यांना सूट देऊ नये. वरचेच प्रश्न त्यांनाही विचारावेत.

पुढचा अल्बम निवडताना स्वतःच्याच टिपणांकडे पाहावे. ड्रमविषयी अधिक लिहिले गेले असेल, तर टूलचा ‘लॅटरलस’ (२००१) किंवा सेपल्टुराचा ‘रूट्स’ (१९९६) घ्यावा. दुसऱ्यात ब्राझीलमधील शावांते आदिवासींसोबत केलेले ध्वनिमुद्रण आहे. दोन गिटारांच्या जुगलबंदीविषयी लिहिले असेल, तर जुडास प्रीस्टचा ‘ब्रिटिश स्टील’ (१९८०). संथ, जड रिफ आवडले असतील, तर सॅबथचेच पुढचे अल्बम १९७५ पर्यंत क्रमाने ऐकावेत.